मिठागरावरचा माणूस

लालबागच्या मिरची गल्लीत सुभद्रा मिरच्यांचे देठ खुडायला बसते. नाकातोंडाला पदर, बोटं चालू. आजूबाजूच्या बायका बोलत असतात, ती ऐकून घेते. थोरला मुलगा प्रितेश नाहीसा झाला तेव्हापासून तिचं बोलणंच आटलं. कोरोनात त्याची नोकरी गेली, मग तो भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला, गोळ्या सुरू झाल्या, आणि एका सकाळी पाव आणायला म्हणून चाळीचा जिना उतरला तो परत आलाच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, गावच्या देवाला गाऱ्हाणं झालं.

यंदा थंडीत धाकट्या कीर्तीची मैत्रीण वैदेही कच्छच्या छोट्या रणात फिरून आली. तिच्या एका फोटोत मागे मिठागरात कुणी उभा होता. कीर्तीने तो घरी दाखवला. सुभद्राचे यजमान तुळशीदास बराच वेळ बघत राहिले. "तोच आसा," म्हणाले. सुभद्राला नुसती खाली घातलेली मान दिसली. पण प्रितेशही जेवताना अशीच मान खाली घालायचा.

वैदेहीकडून जागा नीट विचारून घेऊन तिघं निघाली. चाळीत सांगितलं, फिरायला जातोय. "बरं झालं," शेजारीण म्हणाली, "जरा बदल होईल."

रणात जीपला रस्ता असा नव्हताच. भेगाळलेली जमीन चहूकडे सारखी, लांब पाणी चमके आणि जवळ गेलं की नाहीसं होई. ड्रायव्हरला वाटलं पर्यटक आहेत. रानगाढवांचा कळप दिसला तिथे त्याने कौतुकाने गाडी थांबवली. कोणी फोटो काढला नाही. आयुष्यभर लालबाग आणि कणकवली एवढंच पाहिलेले तुळशीदास खिडकीतून बघत म्हणाले, "केवढी ही जागा. हयसर माणूस हरवलो तर..."

मिठागराशी एक झोपडी, पंप, आणि दंताळ्याने मीठ ओढणारा तो माणूस. जीपमधून उतरायच्या आधीच सुभद्राला कळलं. चाल आपल्या घरातली नव्हती. पण तोवर तुळशीदास धावत पोचले होते. त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"प्रितेश, बाबू, चल."

माणसाने हात सोडवून घेतला नाही. वर पाहिलंही नाही.

"बाबा, दादा नाहीये हा," कीर्ती म्हणाली.

"तुका काय कळता?"

सुभद्रा जवळ गेली. "अहो, आपला नाही तो."

तुळशीदासांनी मनगट सोडलं नाही. मग हळूच म्हणाले, "आसांदे. नसलो तर आसांदे. ह्याकाच घेऊन जावया."

झोपडीतल्या बाईने पाणी आणलं. ड्रायव्हरने तिचं बोलणं हिंदीत सांगितलं. हा कुठूनसा चालत आला, नाव सांगत नाही, दिलं ते खातो. सुभद्राने नवऱ्याची बोटं एकेक करून त्या मनगटावरून सोडवली. माणसाचे पाय मिठाने फाटले होते. तिने पिशवीतलं गुळाचं खाजं त्याच्या ओंजळीत ठेवलं. तो ते तसंच धरून उभा राहिला.

कीर्तीने हरवलेल्यांच्या एका ग्रुपवर त्याचा फोटो टाकला. कुणाचंही उत्तर आलं नाही.

परतल्यावर तुळशीदासांचं बाहेर पडणं बंद झालं. इतकी वर्षं ते रोज सकाळी केईएम इस्पितळाचे व्हरांडे, दादरचा पूल, देवळांबाहेरच्या भिकाऱ्यांच्या रांगा बघून यायचे. आता खाटेवर बसून असत. निदान शांत झालेत, असं कीर्तीला वाटलं. सुभद्राला तसं वाटत नव्हतं. एका सकाळी चहा देताना तिने विचारलं, "आज जात नाही बघायला?"

"काय बघूचा?" ते म्हणाले. "आता माका सगळेच त्याच्यासारखे दिसतत."

त्यांनी चहा घेतला नाही. गल्लीत मसाल्याच्या गिरण्या सुरू झाल्याचा आवाज आला तशी ती चपला घालून खाली उतरली.