करवतीच्या मागचं टेबल

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये करवतीचं मशीन आहे. लोखंडी टेबल आणि त्याच्या मधोमध वर आलेलं गोल पातं. हे कापसाच्या जिनिंगमधल्या कारकुनीतून रिटायर झाले तेव्हा परभणीहून ते जुनंच घेऊन आले आणि सुतारकामाची हौस भागवायला लागले.

पुढून फळी ढकलली की ती पात्यातून पलीकडे निघते, आणि अर्ध्याहून जास्त गेली की वजनानं खाली कोसळते. म्हणून तिला धरायला मागे कुणीतरी लागतं. नऊ वर्षं ते कुणीतरी मी होते. कणीक अर्धी मळलेली असो की कुकरची दुसरी शिट्टी व्हायची असो, हाक आली की जायचं. "वढू नको, नुसतं धर," एवढंच यांनी मला शिकवलं. ओढलं तर फळी पात्यात तिरपी होते आणि ढकलणाऱ्याच्या पोटावर उसळते. म्हणजे यांचं पोट माझ्या हातात होतं. हे जेवढं ढकलतील तेवढंच मी मागे सरकायचे. त्या बाजूला फरशी खचलेली, म्हणून गोणपाट गुंडाळलेल्या एका विटेवर पहिलं पाऊल ठेवायचे. एकदाही फळी उसळली नाही.

मग यांनी मोबाईलवर मशीनच्या मागे जोडायचं टेबल पाहिलं. म्हणाले, आपणही करू. खरं सांगते, मला बरं वाटलं. माझी कंबर दुखते हे यांना दिसलं, असं मी धरून चालले. कारण विचारलं तर म्हणाले, तू येईस्तोवर काम अडून राहतं.

सांगाडा यांनी एकट्यानं ठोकला. वरच्या प्लायवर पांढरा सनमायका चिकटवायचा होता, फळी त्यावरून सरसर सरकावी म्हणून. त्याला मात्र मी लागले. दोन्हीकडे सोल्युशन लावलं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबलो. एकदा टेकली की शीट सुटत नाही, म्हणून मधे लाकडी पट्ट्या ठेवून मी ती अधांतरी धरली आणि हे एकेक पट्टी काढत गेले. हवा राहू नये म्हणून माझंच लाटणं आणून वरून दाबून फिरवलं. लाटण्याला सोल्युशनचा वास पंधरा दिवस होता.

त्याआधी उंची मापताना मी विचारलं होतं, वरच्या सनमायक्याची जाडी धरली का? तुला काय कळतं त्यातलं, असं उत्तर मिळालं. पहिलीच फळी पात्यातून निघाली आणि नव्या टेबलाच्या कडेला अडकली. टेबल केसभर वर झालं होतं. जाडी धरलीच नव्हती.

मग अख्खी दुपार हे फरशीवर पालथे पडून होते. टेबलाच्या पायांना बोल्ट लावले होते, ते अर्धा-अर्धा आटा फिरवायचे, उठायचे, दोन्ही टेबलांवर आडवी सळई ठेवून पातळी बघायचे, परत पालथे. फरशी खचलीय हे तेव्हा यांच्या ध्यानात आलं. त्या बाजूचा पाय वेगळा वाढवला. मी दारात उभी राहून बघत होते. नऊ वर्षांत यांनी माझ्या पायाखाली एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. मला फार राग आला.

चार दिवसांनी वालूरहून यांचे जिनिंगमधले जुने सोबती आले. टेबलावरून हात फिरवून त्यांनी तारीफ केली. मी चहा घेऊन गेले तेव्हा हे सांगत होते, "पैले लय तरास व्हायचा. एकट्यालाच करावं लागायचं ना सगळं."

मी तिथंच विचारलं, "एकट्याला?"

हे हसले. "तू होतीस की. पण तुला काय, नुसतं धरायचंच होतं."

पाहुणेही हसले. मी चहाचे कप त्या पांढऱ्या टेबलावर ठेवले, तर डाग पडंल म्हणून यांनी ते लगेच उचलून स्टुलावर ठेवले.

पुढच्या आठवड्यात आठ फुटी फळी होती. टेबल चार फुटांचं. शेडमधून हाक आली, थोड्या वेळानं परत आली. मी भाकरी थापत होते. मशीन बंद करून हे स्वयंपाकघराच्या दारात आले. अंगभर भुसा.

"चल की. फळी टेबलाच्या बाहेर जायली."

"टेबल हाय ना," मी म्हटलं. "नुसतं धरायचंच तर हाय."

हे भुसा झटकत परत गेले.  मशीन सुरू झालं. मग एकदम धाडकन आवाज आला आणि मशीन थांबलं. माझा हात पिठातच थांबला. पण लगेच यांचं खाकरणं ऐकू आलं. फळीच पडली होती.

मी भाकरी तव्यावर टाकली. वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली, पण वाटलं नाही.