नळीतली हवा

घाटाच्या पायथ्याशी जुना ट्रक बंद पडला होता. डिझेलच्या नळीत हवा शिरलेली. ड्रायव्हर एकटाच; ती हवा काढायला खाली वाकून इंजिनाजवळचा हातपंप दाबायचा, मग धावत केबिनमध्ये चढून सेल्फ मारायचा. मला पायी जाताना बघून म्हणाला, "काका, वर बसून सेल्फ मारता का?"

मी चढलो. खाली ढिल्या केलेल्या स्क्रूतून डिझेलचा फेस येत होता. एवढं अवजड धूड, थोड्याशा हवेने अडून बसलेलं. बायको गेल्यापासून माझं घरही असंच आहे. सगळं जागच्या जागी, आणि पुढे काहीच सरकत नाही.

"मारा!"

इंजिन धडधडलं. मी उतरू लागलो.

"बसा की काका. परत बंद पडलं तर?" म्हणत त्याने मला क्लिनरच्या रिकाम्या जागेवर सरकवलं आणि स्वतः स्टीअरिंगवर बसला.

इंजिन एका लयीत चाललं होतं. दोघांनाही ते ऐकू येत होतं. मी दार ओढून घेतलं.