वायफाय बंद होतं ते चार दिवस

तुळसाकाकींना स्वस्थ बसलेलं आमच्या वाडीत फारसं कुणी पाहिलेलं नाही. तेहेतीस वर्षं त्या इथल्या आरोग्य उपकेंद्राच्या नर्स होत्या. धामापूरच्या तळ्यापासून खाली खाडीपर्यंतच्या सगळ्या वाड्या त्यांनी पायी तुडवल्या. माझ्या धाकट्या भावाची नाळ त्यांनीच कापली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी कुणाच्या सुनेला सातवा लागला की काकी पिशवी घेऊन दारात हजर. पिशवीत प्रेशर बघायचं यंत्र, टेप आणि एक जुनी वही.

त्यांची स्वतःची मुलगी समीक्षा मात्र बहारीनमध्ये होती. तिचा नवरा अनिश तिथल्या जहाज दुरुस्तीच्या गोदीत कामाला. समीक्षाला नववा लागत आला होता आणि काकींचा पासपोर्ट अडकला होता. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक आणि नोकरीच्या पुस्तकात दुसरी. तीन वेळा कागद परत आले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींची बाळंतपणं केली आणि आपल्या लेकीच्या वेळी आपण हजार मैलांवर, हे काकींना सहन होत नव्हतं.

त्यांची वाडी सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, अगदी पायथ्याला. मोबाइलला रेंज नाही. घरी वायफाय होतं, त्यावरच त्या मुलीला व्हिडिओ फोन करायच्या. दिवसातून आठ वेळा, दहा वेळा. पाय दाखव, डोळे दाखव, पोट केव्हा फिरलं ते सांग.

काजूच्या हंगामातल्या एका सोमवारी त्या ग्रामपंचायतीतून घरी आल्या आणि बघतात तर फोनवर वायफायचं नावच येईना.

"लाईनीचो बिघाड आसा," शंकरकाका म्हणाले. काका म्हणजे त्यांचे यजमान. एसटीच्या मालवण डेपोत मेकॅनिक होते. मितभाषी माणूस. "दत्तप्रसादाक सांगलंय. येतलो तो."

दत्तप्रसाद म्हणजे आमच्याकडचा नेटवाला. मंगळवारी तो आला नाही. बुधवारीही नाही. काकी सकाळ-संध्याकाळ सडा चढून कातळावर जायच्या. तिथे एका ठरावीक जागी उभं राहिलं की रेंज मिळते, पण आवाजापुरतीच. चित्र लावलं की सगळंच अडकतं.

"मी बरी आसंय गो आई," समीक्षा सांगायची. "पाय वायच सुजतत, डॉक्टर म्हणता होताच तसा."

"मागच्या खेपेक प्रेशर किती होता?"

"बरा होता. आई, तू कित्याक इतक्या भितस?"

आणि फोन तुटायचा.

काकी भीत होत्या त्याला कारण होतं. आमच्या वाडीतल्या जुन्या माणसांना ते माहीत आहे. पस्तीस वर्षांपूर्वी वरच्या वाडीतली जानकी त्यांच्या यादीत होती. चोवीस वर्षांची, पहिलटकरीण. एक दिवस काकींना तिचं तोंड सुजल्यासारखं दिसलं. आजच तालुक्याला नेऊया, असं त्या म्हणाल्या. सासू म्हणाली, गरोदरपणात सूज येतेच; नवरा म्हणाला, परवा बैलगाडी मोकळी आहे. काकी नव्या होत्या. गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी जानकीला झटके आले आणि गाडी मिळेपर्यंत ती आणि मूल दोन्ही गेलं. त्या दिवसापासून काकी कुणाचंही "होताच तसा" ऐकून घेत नाहीत.

गुरुवारी सकाळी त्या पुन्हा सड्यावर गेल्या. ऊन चढायला लागलं होतं. समीक्षाचा आवाज जड वाटला.

"झोप नाय झाली काय गो?"

"डोक्या दुखता वायच. हयसर उष्मो खूप आसा. आडवी पडलंय मी."

"कधीपासून दुखता?"

"काल सांजेपासून..." आणि फोन तुटला. पुन्हा लावला, लागला नाही. तिसऱ्यांदा लावला, वाजून वाजून बंद पडला.

काकी उतरणीवरून जवळजवळ धावत खाली आल्या. आवाजावरून काय कळणार? त्यांना तोंड बघायचं होतं. घरात शिरल्या तेव्हा शंकरकाका टीव्हीवर क्रिकेट बघत होते. काकी पाणी प्यायल्या, तांब्या ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. हा टीव्हीसुद्धा नेटवरच चालतो. राउटरच्या डबीतून निघालेली वायर थेट टीव्हीत जाते. मग लाईन गेली म्हणजे काय?

त्यांनी टीव्हीच्या मागे हात घालून राउटरची पांढरी डबी पुढे ओढली. पहिला दिवा हिरवा. दुसरा हिरवा. टीव्हीच्या वायरीचा दिवा लुकलुकतोय. वायफायचा तेवढा काळा. मागे एक छोटं बटण होतं, ते दाबलं. काही नाही. दाबून धरलं. तरी काही नाही.

"कशाक हात लावतस?" काका म्हणाले. "शॉक लागात."

काकींनी डबी परत मागे ठेवली. वही आणि पेन घेतलं आणि पुन्हा सडा चढल्या. एका सकाळी दुसऱ्यांदा, साठी उलटलेल्या बाईने. वर पोचून त्यांनी दत्तप्रसादला फोन लावला.

"काकी, लाईन बरी आसा," तो म्हणाला आणि थोडा अडखळला. "बटण दाबून कायच होवचा नाय. वायफाय आत शिरान बंद केलेला आसा. आतसूनच चालू करूक लागतला."

"कोणी केल्यान बंद?"

"तुमी काकांकच विचारा."

"दत्तू, माका सांग."

"काकांनी करून घेतल्यानी. सोमवारी. तुमी पंचायतीत गेल्लात तेव्हा. टीव्ही वायरीवर चलांदे म्हणाले." मग घाईघाईने, "मी आरोंद्याक सासरवाडीत आसंय. सांजचो येतंय आणि चालू करून दितंय."

"सांजपर्यंत माका थांबूक जमाचा नाय. कसा करूचा ता सांग."

"तुमका जमात?"

"दत्तू, तुझ्या आईचा बाळंतपण मी केलंय. तू फक्त सांग."

त्याने सांगितलं आणि काकींनी एकेक ओळ लिहून घेतली. टीव्हीची वायर काढून कॉम्प्युटरला लावायची. वेबसाइटचं नाव लिहितात त्या पट्टीत एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, एक. मग नाव विचारेल, तिथे 'ॲडमिन'. मग पासवर्ड.

"पासवर्ड काय?"

"तो काकांनी ठेवल्यानी, माका बाजूक करून. आणि काकी, मागच्या बारक्या भोकात सुई घालू नकात हां. सगळाच पुसला जातला, मगे टीव्हीपण बंद नि नेटपण बंद. मग माझ्याशिवाय इलाज नाय."

खाली उतरताना काकींच्या पायांत चपला राहत नव्हत्या. घरापुढच्या खळ्यात वाळत घातलेल्या काजूबियांवरून त्या तशाच चालत गेल्या, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. आत जाऊन त्यांनी टीव्ही बंद केला.

"पासवर्ड सांगा."

शंकरकाकांनी रिमोट खाली ठेवला.

"लाईन गेलेली नाय," ते म्हणाले. "मीच बंद करून घेतलंय."

"ता माका कळला. कित्याक?"

"समूनच सांगल्यान. रविवारी मी बाजारात होतंय, थंय तिचो फोन इलो. म्हणाली, बाबा, आई दिवसाक धा वेळा फोन करता, पाय दाखव म्हणता, डोळे दाखव म्हणता. माका भिया वाटूक लागला. वायच कमी होयत असा कायतरी करा." काकांचा आवाज खाली आला. "आणि तू पण जेवणस नाय, निजणस नाय. माका वाटला, दोघींकय जरा बरा वाटात."

काकींनी हातातली वही उघडली. लेकीनेच सांगितलं, हे त्यांना लागलं. पण ते लागून घ्यायला वेळ नव्हता.

"तिचा डोक्या दुखता कालपासून," त्या म्हणाल्या. "जानकीच्या टायमाक पण सगळे माका असाच म्हणालेले. तुळसा भियता उगाच. पासवर्ड सांगा."

काका उठले. चष्म्याच्या डबीतून चार घड्या घातलेला कागद काढला आणि पुढे केला. मग स्वतःच कपाटातून समीक्षाचा कॉलेजच्या वेळचा लॅपटॉप आणला. त्याची बॅटरी कधीच गेली होती. चार्जर लावला तरच चालायचा. चालू व्हायला त्याने पाच-सहा मिनिटं घेतली. त्या वेळात काकी खोलीत चकरा मारत होत्या आणि काका टीव्हीच्या मागून वायर सोडवत होते. मेकॅनिकचे हात, वायरीचं टोक लॅपटॉपच्या खाचेत टक् करून बसलं.

काकींनी आकडे टाइप केले. पान उघडलं नाही. पुन्हा बघितलं, तर एक टिंब राहिलं होतं. ते घातल्यावर निळं पान आलं. नाव टाकलं, कागदावरचा पासवर्ड टाकला. चुकीचा म्हणून सांगितलं.

"पयलो अक्षर मोठो," काका मागून म्हणाले.

या वेळी पान उघडलं. सगळं इंग्रजीत, डावीकडे नावांची लांबच लांब रांग. काकी औषधांची नावं वाचायच्या तशा एकेक नाव बोट ठेवून वाचत खाली गेल्या. 'वायरलेस' सापडलं. त्यात एक चौकोन होता, 'चालू' असं लिहिलेला, आणि तो रिकामा होता. त्यांनी त्यात बरोबरची खूण केली. तरी दिवा लागेना.

"आता काय?" काकी काकांकडे वळल्या.

"खाली बघ. खाली बटण आसा काय?"

पान खाली सरकवल्यावर बटण दिसलं. ते दाबलं. एक गोल चाक फिरायला लागलं. फिरतच राहिलं. दोघंही डबीकडे बघत होती. मग चौथा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला आणि लुकलुकायला लागला. काकींच्या हातातला फोन थरथरला आणि चार दिवसांचे निरोप एकामागून एक येऊन पडले. त्यांनी एकही वाचला नाही. व्हिडिओ लावला.

समीक्षाने बऱ्याच वेळाने उचलला. पलंगावर आडवी होती. खोलीत पडदे ओढलेले.

"आई? दिसलंस गो तू! झाला काय बरा वायफाय?"

"पडदो उघड. तोंड उजेडाकडे कर."

"आई, परत..."

"समू, कर."

उजेड पडला. काकींनी फोन जवळ नेला, लांब नेला. पापण्या जड झाल्या होत्या, गालांची हाडं दिसत नव्हती.

"हात दाखव. आंगठी फिरव."

समीक्षाने प्रयत्न केला. "फिरणा नाय."

"डोळ्यांसमोर कायतरी चमकता?"

"सकाळपासून," ती हळू म्हणाली. "मदी मदी. काजव्यासारख्या."

"बरगडेखाली उजवे बाजूक दुखता?"

"रातीपासून. ॲसिडिटी आसतली म्हणान गोळी घेतलंय."

शंकरकाका सांगतात, त्या क्षणी बायकोचा आवाज बदलला. मालवणी सुटली आणि दवाखान्यातली मराठी आली. ओरडणं नाही, रडणं नाही. "समीक्षा, आता मी सांगते तसं करायचं. उठून चालायचं नाही. मी फोनवर आहे. दुसऱ्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलाव. मग अनिशला सांग. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोलायचं, माझं प्रेशर बघा, डोकं दुखतंय आणि डोळ्यांसमोर चमकतंय. नंबराला बसायचं नाही. बोल बघू, काय सांगशील?"

समीक्षाने रडत रडत ते वाक्य म्हटलं. काकींनी दोनदा म्हणवून घेतलं. गाडी येईपर्यंत, माणसं आत येईपर्यंत, त्यांनी फोन बंद होऊ दिला नाही.

नंतरचे पाच तास फार वाईट गेले. काकी पडवीतून खळ्यात, खळ्यातून पडवीत फिरत राहिल्या. काकांनी पेज वाढली, ती तशीच निवली. एकदा ते म्हणाले, "तुळशी, माझा चुकला." काकी म्हणाल्या, "आता नको." वाडीतल्या बायका येऊन बसल्या, तरी काकींचे फेरे थांबले नाहीत. दर थोड्या वेळाने आत जाऊन चौथा दिवा लुकलुकतोय का बघून यायच्या.

साडेचारला अनिशचा फोन आला. पडद्यावर त्याचं तोंड थकलेलं होतं.

"आई..."

"प्रेशर किती होतं?"

"एकशे ऐंशी, एकशे दहा."

"झटका?"

"नाही. लगेच ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर..."

"ते राहू दे. आता किती आहे?"

"दीडशेवर आलंय. आत ठेवलंय तिला, दोन दिवस ठेवतील. आई, मुलगी झाली."

"लगेच रडली?"

"रडली."

"वजन?"

"दोन किलो शंभर."

"बरं," काकी म्हणाल्या. त्यांनी फोन काकांच्या हातात दिला आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. बराच वेळ नळ सोडलेला होता.

संध्याकाळी दत्तप्रसाद आरोंद्याहून धावतपळत आला. त्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकींनी त्याला चहा दिला आणि त्याच्यासमोरच राउटरचा पासवर्ड बदलला. नवा काय ठेवला ते काकांना अजून सांगितलेलं नाही. काकांनी विचारलंही नाही. चार दिवस त्यांच्याशी काकी कामापुरतंच बोलत होत्या.

रविवारी समीक्षाने दवाखान्यातून फोन केला. तोंडावरची सूज उतरली होती, पोर छातीवर निजलेलं.

"आई, बाबांका मीच सांगितलेला," ती म्हणाली. "तुझे फोन कमी करूक."

"माका म्हायत आसा."

"रागावलंस?"

"हां, रागावलंय," काकी म्हणाल्या. "दूध येता काय ता सांग."