खाडीवरची तालीम

माइकचा इतका मनापासून राग करणारा माणूस जगात दुसरा झाला नसेल. झालाच असेल, तर तो आमच्या मराठीच्या सरांच्या हाताखाली शिकलेला असणार. ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात सर मराठी शिकवत आणि एकांकिका बसवत. दोन्हींत फरक एवढाच, की तालमीला मुलं येत. ऐंशीच्या दशकात शिक्षण झपाट्याने बिघडतंय असं सरांचं ठाम मत होतं. आधी कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान आलं, मग मोठ्या वर्गात माइक. सर वर्गात आले की आधी माइकला रुमाल गुंडाळत, सर्दी झालेल्या माणसाला गुंडाळावा तसा, आणि मग शिकवायला लागत. एकदा डोंबिवलीच्या एका मुलीने स्वतः न येता मैत्रिणीबरोबर टेपरेकॉर्डर पाठवला. आम्ही श्वास रोखून बसलो. सरांनी त्याला पुढच्या बाकावर जागा दिली, तासभर त्याच्याकडे बघूनच शिकवलं आणि शेवटी हजेरीही त्याचीच लावली. "तुमच्यापेक्षा हा शांत बसला," म्हणाले.

एकांकिकेची तालीम कोपरीला, खाडीच्या काठावर. काठावर नट उभा, आणि पार तिकडे होडीतून जाळं टाकणारे एक कोळीबाबा, हे सरांचे परीक्षक. वाक्य ऐकू आलं की ते हात वर करत. हात वर होईपर्यंत तेच वाक्य पुन्हा. मी पहिल्या वर्षी नायिकेचा बाप होतो. "पोरी, हळू बोल, शेजारी ऐकतील," हे माझं वाक्य मी अख्ख्या कोपरीला ऐकवलं. अखेर हात वर झाला आणि पाण्यावरून उत्तर आलं, "आयकला रं मास्तर! मावरा पलाला सगला!"

"मासे पळाले ना? म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं," सर समाधानाने म्हणाले.

ही शेवटची रांग म्हणजे सरांचं दैवत. माझ्या शेवटच्या वर्षी स्पर्धेत रंगमंचावर माइक टांगलेले होते. सरांनी भांडून आमच्यापुरते ते बंद करून घेतले. 'नट ओरडतात' असा शेरा मिळाला आणि हातातलं बक्षीस गेलं. आम्ही फुगून बसलो, तर सर म्हणाले, "अरे, मागे बसलेल्या माणसानेही तिकीट काढलेलं असतं. त्याला आपला आवाज द्यायचा, डब्यातला नाही!" त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता.

सर निवृत्त झाले तोवर घशाच्या दुखण्याने त्यांचा आवाज पार बसला होता. निरोप समारंभाला आम्ही जुने नट जमलो आणि सवयीने शेवटच्या रांगेत बसलो. सर उठले. समोरच्या माइकला त्यांनी खिशातला रुमाल व्यवस्थित गुंडाळला, घसा खाकरला आणि बोलले. मला फक्त ओठ हललेले दिसले. पुढच्या रांगेतली माणसंसुद्धा कानामागे हात धरून बसली होती. पहिलं वाक्य संपवून सर थांबले आणि खाडीकडे बघायचे तसे थेट आमच्याकडे बघत राहिले.

मी हात वर केला. मग शेजारच्याने केला, मग सगळ्या रांगेने.

सरांनी समाधानाने मान हलवली आणि पुढचं वाक्य घेतलं. ते काय बोलले, हे आम्ही आजवर एकमेकांना विचारलेलं नाही.