सब खाली

आमच्या बेडरूमला लागून असलेलं बाथरूम पाच फूट बाय सात फुटांचं. उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या या कॉलनीत घर घेतलं तेव्हा त्याचं आम्हाला कोण कौतुक होतं! यंदा ते फोडून नवं करायचं ठरलं, कारण ह्यांची नजर जात चालली होती. आधी कडेचं दिसेनासं झालं. आता नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं दिसतं, आणि डॉक्टर म्हणतात, तेही हळूहळू मिटेल. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. त्यांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. फक्त घरी आल्यावर मला म्हणाले, "शेवटपर्यंत माझी आंघोळ मी करणार. ती तुला घालावी लागली, तर मी माझ्या नजरेतून उतरेन." मी "बरं बरं" म्हणून वेळ मारून नेली. पण त्या आठवड्यात ते आत दोनदा घसरले होते.

सामान निवडायला आम्ही फ्रीगंजच्या बाजारात गेलो. दुकानात शिरल्याशिरल्या मी पाघळले. सगळं पांढरंशुभ्र, नळांना सोनेरी मुलामा, एका दांडीने गरम-गार दोन्ही होणारा नळ. मी मनातल्या मनात बहिणींना बाथरूम दाखवूनही मोकळी झाले. ह्यांनी मात्र दुकानदाराकडे ओंजळभर पाणी आणि साबण मागितला. दुकानदार चक्रावला. ह्यांनी हात साबणाने बुळबुळीत केले, डोळे मिटले आणि ओळीने लावलेल्या नळांवरून हात फिरवायला सुरुवात केली. "हा निसटतो. हा किती फिरवला ते कळत नाही. ह्याचं टोक लागतंय." माझा सोनेरी नळ त्यांनी एका क्षणात बाद केला. शेवटी गार पाण्याला खाचांची गोल मूठ आणि गरमला लांबट दांडी निवडली, म्हणजे हाताकडून कधी चूक होणार नाही.

"सर, ये तो अलग-अलग सेट के हैं," दुकानदार कळवळून म्हणाला.

"मेरे दोनों हाथ भी अलग-अलग हैं," हे म्हणाले.

कमोड पांढरा घेतला, पण त्यावरची सीट गडद निळी. पांढऱ्यावर पांढरं त्यांना दिसतच नाही, म्हणे. बाई गं, लोक काय म्हणतील, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मग पाहिलं तर तो दुकानदारही हळूच डोळे मिटून एका नळावर हात फिरवून बघत होता. मी पर्समधून पैसे काढले. तीस वर्षं मी ह्या माणसाच्या विसरभोळेपणावर वैतागत आले, आणि त्याच्या बोटांना एवढं कळतं हे मला ठाऊकच नव्हतं.

काम सुरू असताना भाचीच्या साखरपुड्यासाठी आम्हा दोघांना दोन दिवस इंदूरला जावं लागलं. निघायची घाई होती आणि मिस्त्री अजून आले नव्हते. दारापासून नळापर्यंत जाणारी डावी भिंत मला ह्यांच्या सोयीची करून घ्यायची होती. सगळं कमरेच्या उंचीवर, हाताशी. मी पेन्सिल घेतली आणि भिंतीवरच ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'हैंडल, साबुनदानी, खूँटी - सब खाली.'

परत येऊन पाहते, तर भिंतीवर टाइल्स बसलेल्या, सांधे भरलेले, आणि बाकी काही म्हणजे काही नाही. हँडल, साबणदाणी, खुंटी, तिन्ही वस्तू खोक्यात तशाच.

माझा पारा चढला. "भैया, ये क्या किया? हैंडल कहाँ है?"

"मैडम, आपने ही तो लिखा था, सब खाली. मैंने पूरी दीवार खाली रख दी."

"अहो, खाली म्हणजे... खाली मतलब नीचे!"

"तो नीचे लिखना था ना," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. इतकी वर्षं उज्जैनमध्ये काढून, भाजीवाल्याशी हिंदीत फाडफाड भांडून, ऐन वेळी मी हिंदी वाक्यात मराठीतलं 'खाली' लिहून ठेवलं होतं, आणि हिंदीत त्याचा अर्थ रिकामं.

हे मागे उभे राहून हसत होते. मग आत आले. दारातच डोळे मिटून त्यांनी तळहात त्या कोऱ्या भिंतीवर टेकवला आणि टाइल्सच्या सांध्याची आडवी रेघ बोटाने धरून चालू लागले. वाटेत काही लागलं नाही, कोपर कशावर आपटलं नाही. चार पावलांत हात थेट गोल मुठीवर. मागे आले, पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी तर जवळजवळ भरभर.

"काही लावू नका इथे," ते म्हणाले. "मला धरायला नकोय, जायला वाट हवीय."

मिस्त्री हातातली थापी विसरून बघत राहिले. मी त्या भिंतीवर तीन वस्तू ठोकून त्यांची वाटच अडवणार होते, आणि तीही प्रेमाने. हँडल मग समोरच्या भिंतीला लावलं. ह्या खेपेला मी हाताने जागा दाखवली.

सगळं वाळल्यावर पहिली आंघोळ त्यांनी केली. मी पलंगावर बसून नुसती ऐकत होते. बादली भरल्याचा, तांब्या बुडाल्याचा, अंगावरून पाणी पडल्याचा आवाज. मध्येच सगळं शांत झालं तेव्हा मी उठून दारापर्यंत गेले, आणि हाक न मारता परत आले. ते बाहेर आले तेव्हा भांग सरळ होता, बंडी सुलट होती.

"दिसलं सगळं नीट?" मी विचारलं.

"डोळे मिटूनच केली."

"का? आहे ना अजून दिसत थोडं?"

"म्हणूनच. जेवढं उरलंय ते नळ शोधण्यात कशाला घालवू?"

आणि ते माझ्याकडे बघायला लागले. एका नजरेत चेहरा मावत नाही आता. आधी कपाळ, मग डोळे, मग हनुवटी, असं मान जराजरा हलवत बघावं लागतं. त्यांचं बघून होईपर्यंत मी जागची हलले नाही.