सिंहगडाचा उंदीर आणि काकांची मुनिया

उंदीर बघायला सिंहगडावर जायचं ठरवलं तेव्हा घणसोलीच्या आमच्या सोसायटीत सगळे हसले. शेजारचे शिंदेकाका मूळ साताऱ्याचे, वाशीच्या दाणा मार्केटात कामाला. नवीन माणूस भेटला की त्यांचा पहिला प्रश्न, गाव कुठलं? निघालो तेव्हा ते गॅलरीत पिंजऱ्यातल्या हिरव्या मुनियेला दाणे घालत होते.

"टोल भरून उंदीर? आमच्या गोडाऊनला ये की, फुकट दाखवतो."

मुनिया मस्त गात होती.

गाडीत मी ताईला सांगत होते. कोंढाणा उंदीर जगात फक्त त्या गडावर सापडतो, आणि संपत चाललाय. हिरवी मुनियापण संपत चाललीये. ती गाते, गोड दिसते, म्हणून लोक पकडून विकतात. उंदराला तर कोणी विचारतच नाही. काकांना हे बोलायची माझी हिंमत नव्हती.

एक्सप्रेसवेला घाटात ट्रॅफिक लागलं, तुम्ही गेलात तर लवकर निघा. गडाचा रस्ता अरुंद, नुसती वळणं. उंदीर रात्री फिरतो, सो दिसायचे चान्सेस नव्हतेच. झुडपं बघितली, त्यात अडकलेल्या चिप्सच्या पिशव्या बघितल्या आणि एका मावशींच्या झोपडीत पिठलं-भाकरी खायला बसलो.

तेवढ्यात मावशींनी मागून पिंजरा आणला. आत उंदीर. बाजूला त्याला बुडवायला पाण्याने भरलेली बादली.

मी ताट बाजूला सारलं. घरातल्या उंदराची शेपूट अंगापेक्षा लांब असते, कोंढाण्याची आखूड. पण हा शेपूट पोटाखाली घेऊन कोपऱ्यात बसलेला. मी पिंजरा फिरवला, तोही फिरला. मावशी म्हणत होत्या, रोज पीठ खातोय मेला, आटपा लवकर, गिऱ्हाईक खोळंबलंय.

"मावशी, हा कदाचित जगात फक्त इथेच असतो. पण मला नक्की माहीत नाही."

"फकस्त हितंच?"

"फक्त गडावर."

मावशींनी एकदा बादलीकडे बघितलं. मग पिंजरा उचलला. "मंग आमच्याच गावचा की."

झुडपांजवळ दार उघडलं, तर तो असा सुटला की शेपूट दिसलीच नाही. कोंढाणा होता की साधा, मला अजून माहीत नाही.

रात्री घरी पोचलो तेव्हा काका गॅलरीत रोजच्यासारखे पिंजऱ्यावर टाकायला पंचा घेऊन आले होते. सगळी स्टोरी सांगितली. मावशींचं वाक्य ऐकून खूप हसले. मग मी धीर करून म्हटलं, मुनिया फॉरेस्टवाल्यांकडे देऊया का?

"इथं काय कमी हाय तिला? वेळच्या वेळी दाणा मिळतोय."

"काका, तिचं गाव कुठलं?"

काकांनी पंचा टाकला नाही. त्याची घडी केली आणि पिंजरा खाली उतरवला.