टेलरबाईचे मातीचे दात

कवळीवाली ही तिची ओळख नोकरी संपल्यावरही सुटली नाही. दातांच्या प्रयोगशाळेत तिने उभा जन्म काढला. दवाखान्यांतून तोंडाचे ठसे यायचे आणि त्यांवरून ती कवळ्या घडवायची. माणसे क्वचितच दिसायची, तोंडे मात्र रोज. निवृत्तीनंतर हात गप्प बसेनात, तेव्हा तिने पॉलिमर क्ले, म्हणजे भाजली की घट्ट होणारी कृत्रिम माती, आणली आणि मेण कोरायच्या जुन्या सुऱ्या बाहेर काढल्या.

नाताळात मैत्रिणींच्या झाडांवर टांगायला ती त्यांच्याच छोट्या मूर्ती करते. आत चुरगळलेल्या चंदेरी कागदाचा गोळा, त्यावर मळून मऊ केलेली क्ले, डोक्यात तारेची कडी, आणि मग ओव्हन. आच जरा वाढली की पांढरा रंग पिवळा पडतो, म्हणून ती ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसते.

"मला ताप आला होता तेव्हा एवढी बसली नव्हतीस," नवरा म्हणतो.

"तुमचा रंग आधीच गेलेला होता."

मागच्या नाताळात तिने टेलरबाईची मूर्ती केली. टेलरबाई तिची सर्वांत जुनी मैत्रीण. पलीकडच्या रस्त्यावर तिचे शिवणाचे दुकान आहे. गळ्यात मोजपट्टी, नाकावर घसरलेला चष्मा, आणि मोकळे हसू. दात हुबेहूब होते: समोरची फट, शेजाऱ्यावर चढलेला सुळा, कडेचा काळवंडलेला दात. रंगासाठी पांढऱ्यात पिवळ्याचा आणि तपकिरीचा कण मिसळला होता. नोकरीभर तिने सगळ्यांना सारखे, सरळ दात करून दिले होते. इथे एकदाचे खरे दात करायला मिळाले, आणि हीच आपली सर्वांत चांगली भेट, असे तिला मनापासून वाटले.

टेलरबाईने डबी उघडली, "छान आहे" म्हणाली आणि झाकण लावले. त्यानंतर तिचे येणे थांबले. फोन केला तर हातात काम असायचे. कवळीवालीने आधी कामावर विश्वास ठेवला, मग तिची तब्येत बरी नसेल असे धरले. यंदा नवरा पँटची उंची कमी करायला दुकानात गेला आणि परत येऊन म्हणाला, "तुझी मैत्रीण विचारत होती, या नाताळात कुणाची बत्तिशी टांगणार?"

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. जुनी मैत्रीण आपण दातांपायी घालवली.

ती चूक निस्तरायला बसली. सरळ दातांची मूर्ती केली, तर ती टूथपेस्टच्या जाहिरातीतली कुणी परकी बाई झाली. तोंड मिटलेली केली, तर तोंडात टाचण्या धरल्यासारखी दिसली. दोन्ही गोळे तिने पुन्हा मळून टाकले आणि दुकान गाठले.

टेलरबाईने मशीनवरून मान वर केली नाही. "पँट उद्या मिळेल."

"पँटसाठी नाही आले. माझं काही चुकलं का?"

"चुकलं असतं तर बरं झालं असतं. अगं, शाळेपासून मी फोटोत तोंड मिटून उभी राहते. तू ते उघडून झाडावर टांगायला दिलंस. सून म्हणाली, अगदी हुबेहूब."

"हुबेहूब व्हावं म्हणूनच तर..."

"मी लोकांचे कपडे शिवते. कुणाचं पोट किती सुटलंय, मला इंचात माहीत असतं. म्हणून काय ते कोटावर भरतकाम करून देते?"

कवळीवाली म्हणाली, "मग यंदा काय करू?"

"स्वतःची मूर्ती कर. अशीच, हुबेहूब."

घरी येऊन ती आरशासमोर बसली. आपल्या तोंडातली कवळी तशीच ठेवून हसरी मूर्ती केली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. कवळी तिनेच घडवलेली होती आणि बेमालूम होती. हिरड्यांच्या दुखण्यात ऐन चाळिशीत तिचे सगळे दात गेले, हे नवऱ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते. बराच वेळ ती नुसतीच क्ले मळत राहिली. मग तिने कवळी काढून वाटीत ठेवली आणि समोर दिसले ते केले: आत ओढलेले ओठ, बसलेले गाल, नाकाकडे सरकलेली हनुवटी.

नवऱ्याने मूर्ती पाहिली. त्याला विनोद सुचला नाही. "ही देणार आहेस?"

"तिने मागितलीय."

दुकानात टेलरबाईने डबी उघडली. "ही कोण म्हातारी?" मग तिने मूर्तीकडे आणि कवळीवालीच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिले. "सगळे?"

"सगळे. केव्हाच."

"आणि मला बोलली नाहीस."

"तू तरी फोटोचं कुठे बोललीस."

टेलरबाईने बटणांचा खण ओढला. मागच्या वर्षीची मूर्ती कापडात गुंडाळून तिथेच होती. तिने ही दुसरी तिच्या शेजारी ठेवली आणि खण लावून घेतला.

"या दोघी झाडावर जायच्या नाहीत," ती म्हणाली. "झाडासाठी एखादा तारा करून दे. त्याला तोंड नसतं."

"पाच टोकांचा?"

"तू म्हणशील तसा. आणि बस आता, उभी काय राहिलीस."